सहीचा कागद

मागल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीचे पित्ताशयातल्या खड्यांचे ऑपरेशन झाले. आदल्या रात्री एक कोवळा डॉक्टर कागद घेऊन आला आणि मला म्हणाला, ‘‘काका, इथं सही करा.’’ मी चष्मा काढला, तसा तो घाईला आला. ‘‘वाचायचं काही नाही हो, फॉर्म्यालिटी आहे!’’

पोट आक्काचे, आक्का शेजारच्या खाटेवर चांगली शुद्धीवर, आणि सही मागायची माझी! मी मॅट्रिकवर थांबलेला शाळामास्तर, चार कादंबऱ्या लिहिल्या एवढाच काय तो गुन्हा. पण न वाचता सही करू नये, हे मी पोरांना वीस वर्षे शिकवतो आहे.

त्या पोराचा मला राग आला नाही. त्याच्या मास्तरांचा आला.

डॉक्टरांना कायदा शिकवीत नाहीत असे नाही. न्यायवैद्यकशास्त्र त्यांना असतेच. 2019 पासून वर्तन, नीती आणि संवाद यांचेही धडे आले आहेत. पण माझा एक जुना विद्यार्थी सध्या डॉक्टरकी शिकतो, तो म्हणतो, ‘‘सर, आमच्या ध्यानात राहतं ते एवढंच, की कागद पुरे ठेवा, म्हणजे अडकत नाही.’’ याला का कायदा शिकवणे म्हणायचे? ही तर पळवाटेची शिकवणी झाली!

मी त्या वर्गावर असतो, तर पहिल्याच तासाला पळशेतची हकीगत सांगितली असती. 1953 च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पळशेतच्या पुळणीवर वीस वर्षांच्या एका मुलाचे मांडीचे हाड मोडले. फळ्या बांधून, सुमारे दोनशे मैल मोटारीने त्याला पुण्याला आणले. तेथे पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड ओढले गेले, आणि त्याच संध्याकाळी मुलगा गेला. बाप स्वतः डॉक्टर. तो कोर्टात गेला. नुकसानभरपाई ठरली तीन हजार रुपये, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम करेतो 1968 साल उजाडले. जोशी विरुद्ध गोडबोले या त्या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, उपचार कोणता हे ठरवताना आणि तो करताना, तिन्ही वेळी डॉक्टरने काळजी घेतली पाहिजे. यात कागदाचा शब्द तरी आहे काय?

आणि सहीचे म्हणाल, तर 2008 सालचा निकाल वाचा. दिल्लीची एक बाई तपासणीसाठी भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले होते. न्यायालयाने बजावले, की सज्ञान माणसाची संमती त्याचीच हवी, आणि तीही नीट समजावून घेतलेली.

डॉक्टर मंडळी म्हणतील, ‘‘मास्तर, असा बागुलबुवा दाखवलात, तर पोरं अवघड रोग्याला हात लावणार नाहीत.’’ अहो, भीती अर्धवट माहितीची असते! साध्या चुकीला फौजदारी गुन्हा म्हणता येत नाही, हलगर्जी घोर असावी लागते, असे 2005 साली जेकब मॅथ्यू खटल्यात याच न्यायालयाने सांगितले आहे. हे ज्याला उमगले, तो कशाला भिईल?

आम्हां पैठणकरांना ही दोन्ही माणसे ओळखीची आहेत. ज्ञानदेवादी भावंडे ज्यांच्याकडे शुद्धिपत्र मागायला आली असे सांगतात, ते पंडित आमच्याच गावचे. शास्त्र त्यांना मुखोद्गत होते. आणि तापल्या वाळवंटात रडणारे पोर कडेवर घेणारे नाथही आमचेच. शास्त्र त्यांनाही येत होते. वैद्यकाच्या मास्तरांनी यांतला कोणता वर्ग भरवायचा, ते ठरवावे.

त्या रात्री मी कागद आक्कापुढे धरायला लावला. पोरगा स्टुलावर टेकला. कागदाच्या पाठीवर पित्ताची पिशवी काढून कुठे छेद घेणार, काय बिघडू शकते, ते त्याने मराठीत सांगितले. आक्काने एवढेच विचारले, ‘‘कापूस येचायला कवा जाता यील?’’ तेही त्याने सांगितले. मग तिने सावकाश सही केली.

पाच मिनिटे लागली. जाताना पोरगा म्हणाला, ‘‘काका, असं करून आम्हाला कुणी दाखवलंच नाही.’’

मास्तरहो, दाखवा!