इन्फ्रारेडचा जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी

घरातलं कुणी गेलेलं असतं आणि त्यांचे मेसेज नोकिया ६६१० मध्ये अडकलेले असतात. त्या फोनला ब्लूटूथ नव्हतं, इन्फ्रारेड होतं. म्हणून माळ्यावरचा विंडोज एक्सपीचा लॅपटॉप खाली येतो. फोन समोर धरून काहीच घडलं नाही, की लोक दिसेल तो ड्रायव्हर डाउनलोड करतात. कृपा करून तसं करू नका.

आधी बायोस उघडा. इन्फ्रारेड अनेकदा तिथेच बंद असतं आणि मग डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत त्याचं नावच येत नाही. अशा वेळी कुठलाही ड्रायव्हर टाकून उपयोग नाही. नाव आहे पण शेजारी पिवळं उद्गारचिन्ह आहे, तर कॉम पोर्ट तपासा. इन्फ्रारेड आणि सिरियल पोर्ट या दोघांनाही कॉम-२ दिला गेला असेल, तर त्यातला एक चालणार नाही. सिरियल पोर्ट वापरत नसाल तर तो बंद करा.

एवढं करूनही चिन्ह गेलं नाही, तरच ड्रायव्हर शोधा. डिव्हाइसच्या ‘डिटेल्स’मध्ये हार्डवेअर आयडी असतो. त्यात एनएससी असेल तर चिप बहुधा नॅशनल सेमीकंडक्टरची, एसएमसी असेल तर एसएमएससीची. लॅपटॉपचं मॉडेल पाहून ड्रायव्हर कंपनीच्याच साइटवरून घ्या. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा, अँटीव्हायरसने तपासा आणि पेनड्राइव्हने न्या. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर नियमित सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून तो लॅपटॉप नेटला जोडूच नका. ‘सगळे ड्रायव्हर आपोआप शोधतो’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमना तर हातही लावू नका.

ड्रायव्हर बसला, तरी फोन लॅपटॉपच्या समोरासमोर, मीटरभराच्या आत हवा. ऊन इन्फ्रारेडच्या खिडकीवर पडू देऊ नका. जोडणी सारखी तुटत असेल तर पोर्टचा कमाल वेग ११५ केबीपीएसवर आणा. मेसेज आणि नंबर यांना तेवढा पुष्कळ झाला. रिमोटसाठीचा इन्फ्रारेड रिसीव्हर मात्र या कामाचा नाही, त्याची पद्धतच वेगळी.

लिनक्स वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की २०१८ मध्ये आलेल्या ४.१७ कर्नलपासून या इन्फ्रारेडचा आधार काढून टाकला आहे. जुनी आवृत्तीच लागेल. आणि मेसेज एकदा उतरले, की त्याच दिवशी त्यांच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. त्या फोनची बॅटरी किती दिवस साथ देईल, याचा भरवसा नाही.