पेसमेकर बसविला, पुढे काय?

पेसमेकर बसवून घरी आलेल्या ज्येष्ठांची तक्रार पुष्कळदा सारखीच असते. चक्कर येणे थांबले. पण दुकानाच्या माळ्यावर चढताना दम लागतो, दुपारनंतर थकवा येतो. ‘आता वय झाले’ अशी घरचे समजूत घालतात आणि गादीवरचा कर्ता माणूस हळूहळू खोलीत बसू लागतो. वस्तुतः दोष नेहमी वयाचाच असतो असे नाही. कधी तो यंत्राच्या सेटिंगचा असतो, आणि ते शस्त्रक्रियेवाचून बदलता येते.

शरीरात बसविलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील अर्न लार्सन यांना मिळाला. तो काही तासच चालला. पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलत लार्सन २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. आजच्या यंत्राशी तंत्रज्ञ छातीवर उपकरण ठेवून बाहेरूनच ‘बोलतो’ आणि सेटिंग बदलतो.

यांतील पहिली बाब किमान गतीची. ती बहुधा मिनिटास ६० ठोके ठेवलेली असते; कोणास ती अपुरी पडते, तर कोणास रात्री धडधड जाणवते. अनेक यंत्रांत रात्रीसाठी वेगळी गती ठेवता येते.

दुसरी बाब हालचालीला मिळणाऱ्या प्रतिसादाची. अनेक यंत्रे शरीराच्या हालचालीवरून श्रम ओळखतात. ही सोय बंद किंवा मंद असेल, तर चालतानाही ठोके वाढत नाहीत आणि दम लागतो. शत्रुंजयाच्या पायऱ्या सावकाश चढताना श्रम मोठे, पण हालचाल थोडी. यंत्राला ते पुरेसे कळतेच असे नाही. उलट खडबडीत रस्त्यावर मोटारसायकलवर नुसते बसले तरी ठोके वाढू शकतात.

तिसरी बाब कमाल गतीची. ही मर्यादा फार खाली असेल, तर ऐन श्रमात ठोके अडखळतात. केवळ खालच्या कप्प्याला चालना देणाऱ्या यंत्रात दोन कप्प्यांचा मेळ चुकून मानेत ठोके जाणवणे, घेरी येणे असेही घडते. त्यावर कधी सेटिंग पुरते, कधी आणखी एक तार बसवावी लागते.

डॉक्टरांना ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगून भागत नाही. रोजमेळ लिहावा तसे दोन आठवडे टिपण ठेवावे: वेळ, काम, त्रास आणि नाडीचे ठोके. सेटिंग बदलल्यावर तेथेच जिना चढून पाहता येईल का, हेही विचारावे. रक्तक्षय, थायरॉईड, औषधे किंवा हृदयाची दुर्बलता हीही कारणे असू शकतात. म्हणून सर्व खापर यंत्रावर फोडू नये. शुद्ध हरपणे किंवा छातीत दुखणे यांसाठी मात्र तपासणीच्या तारखेची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांची रोजची ये-जा असते, त्यांनी वेल्डिंग व मोठ्या मोटारींजवळ काम करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मोबाईल यंत्रापासून १५ सेंटिमीटर दूर ठेवावा; त्या बाजूच्या खिशात नको. यंत्राचे ओळखपत्र सदैव जवळ असावे.

पुढील तपासणीस जाताना ‘बॅटरी किती उरली?’ या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: ‘माझ्या दिनक्रमाला हे सेटिंग योग्य आहे का?’