घटातील जल आणि ओटीतील रंग

घटस्थापनेच्या दिवशी देवघरात दोन वस्तू अगदी शेजारी येतात. एक घटातील जल, दुसरी देवीच्या ओटीतील रंगीत खण. जल निर्मळ असावे याविषयी आपण फार दक्ष असतो. खण मात्र कोरा आहे एवढे पाहिले की आपले समाधान होते. त्या खणाचा रंग कोणत्या पाण्यातून आला आणि त्या पाण्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न आम्हांस आज विचारावासा वाटतो.

तांबड्या रंगाचे आपल्या भूमीशी नाते प्राचीन आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडलेल्या सुती कापडाच्या तुकड्यावरही मंजिष्ठेच्या जातीचा रंग आढळला. मंजिष्ठा आणि आल यांच्या मुळांतून आपले रंगारी शतकानुशतके तो काढीत आले. या मुळांतील रंगद्रव्यांच्या कुळास रसायनशास्त्रात अँथ्राक्विनोन म्हणतात. कार्बनची तीन वलये एकमेकांस जोडलेली, आणि मधल्या वलयास समोरासमोर दोन ऑक्सिजन, अशी त्याची घडण. सूत तुरटीच्या पाण्यात भिजविले असेल तर हा रंग तांबडा होऊन पक्का बसतो. लोहाचा क्षार असेल तर तोच जांभळट काळा होतो.

१८६८ साली ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी या मुळांतील ॲलिझरीन हे द्रव्य दगडी कोळशाच्या डांबरातील अँथ्रासीनपासून तयार केले. पुढच्याच वर्षी त्याची स्वस्त कृती सापडली आणि काही वर्षांतच फ्रान्समधील मंजिष्ठवर्गीय पिकाची शेते ओस पडली. १९०१ साली रेने बोन यांनी याच कुळातील पक्का निळा रंग शोधला. आज ओटीच्या तांबड्या खणाचा रंग बहुधा दुसऱ्या कुळातला असतो. परंतु पक्के निळे, हिरवे, जांभळे असे अनेक रंग अद्याप या कुळाचेच आहेत.

काही श्रद्धाळू सज्जन म्हणतात की, मुळांचा रंग पवित्र आणि कारखान्याचा अपवित्र. हे आम्हांस मान्य नाही. मुळातील ॲलिझरीन आणि कारखान्यातील ॲलिझरीन हे एकच द्रव्य होय. शिवाय कारखान्याच्या रंगामुळेच गरिबाघरच्या सुवासिनीसही सणाला रंगीत लुगडे परवडू लागले. हे पुण्य लहान नव्हे.

दोष रंगात नाही. तो रंगामागे उरणाऱ्या पाण्यात आहे. अँथ्राक्विनोनवर तीव्र गंधकाम्लाची प्रक्रिया करताना विशिष्ट जागी संयोग घडविण्यासाठी पाऱ्याचा क्षार वापरण्याची रीत पडली. पारा टाळण्यास नायट्रिक आम्लाचा मार्ग निघाला, तरी आम्लयुक्त सांडपाणी उरतेच. पुढे कापड रंगविताना दाहक सोडा आणि न बसलेला रंगही धुवून जातो. तीन वलयांची ही घडण सहजी मोडत नाही. कापडात जो गुण, तोच नदीत दोष ठरतो.

हे पाणी शुद्ध करून मगच सोडता येते. जलप्रदूषणास आळा घालणारा कायदा १९७४ सालीच झाला आहे. तो पाळणाऱ्या कारखानदारास खर्च अधिक येतो, आणि आपण दुकानात केवळ स्वस्ताई पाहिली तर न पाळणाऱ्याचेच फावते. म्हणून खण घेताना रंग पक्का आहे का, एवढेच विचारून थांबू नये. माल कोठला, तेथील सांडपाण्याची व्यवस्था काय, हेही विचारावे. दुकानदारास आज उत्तर ठाऊक नसेल. परंतु दहा गृहिणींनी विचारले तर तो पुढच्या व्यापाऱ्यास विचारू लागेल.

सोवळे म्हणजे केवळ आपल्या अंगावरील वस्त्राची शुद्धी नव्हे. ज्या नदीस आपण माता म्हणतो, तिच्या काठच्या दुसऱ्या गावानेही उद्या त्याच जलाने घट भरावयाचा आहे. त्या घटाचे निर्मळपण राखील, तोच रंग आदिमायेच्या ओटीस शोभेल, असे आम्हांस वाटते.