‘करदाता’ म्हणजे नेमका कोण?

‘आम्ही कर भरायचा आणि सरकारने तो उधळायचा’ हे वाक्य अर्थसंकल्पाच्या दिवसांत प्राध्यापक-कक्षात हमखास ऐकू येते. ‘सरकारचा पसारा आवरला पाहिजे’ हा निष्कर्षही ठरलेलाच. भाषा शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांचा पहिला आक्षेप या वाक्यातील ‘आम्ही’ या सर्वनामावर आहे.

‘करदाता’ या शब्दाचा अर्थ मध्यमवर्गाने ‘आयकर भरणारा’ एवढाच करून टाकला आहे. अंगाच्या साबणावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ रोजी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. परंतु तो १८ टक्के असतानाही विभागप्रमुख आणि ऊसतोड करणारी बाई एकाच दराने तो भरत होते, आजही भरतात. तरीही २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये जाहीर झाले, तेव्हा ‘आमच्या पैशांची खैरात’ अशी ओरड झाली. त्या योजनेवर, तिच्या निवडणुकीच्या तोंडावरील मुहूर्तावर जरूर टीका करावी; पण तिजोरी एकट्या आपल्याच घामाने भरते, हा आव कशासाठी? अनुदानित महाविद्यालयांतील आमचे पगारही त्याच तिजोरीतून होतात. तिची ती खैरात आणि आमचा तो हक्क, हा भेद अर्थशास्त्राचा नसून वर्गाचा आहे.

जोतीराव फुल्यांनी हा प्रश्न १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे मांडला होता. महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि उच्च शिक्षणाच्या रूपाने वरिष्ठ वर्गांवर खर्च होतो, हे त्यांचे गाऱ्हाणे. ‘शेतकऱ्याचा असूड’ अभ्यासक्रमात शिकवणाऱ्यांना तरी त्याचा विसर पडू नये. सरकार केवढे, यापेक्षा कोणाकडून घेते आणि कोणासाठी खर्च करते, हे फुले विचारत होते.

या प्रश्नाला महाराष्ट्राने एकदा चांगले उत्तर दिले होते. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरी पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामाचा भार उचलायचा, असा तो सरळ व्यवहार होता. आमच्या वेतनचिठ्ठीत दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते हेच. या कराची वर्षाला २,५०० रुपये ही घटनात्मक कमाल मर्यादा १९८८ पासून तसूभरही हललेली नाही. दरम्यान पाचवा, सहावा आणि सातवा वेतन आयोग येऊन गेला. कराच्या ओझ्याखाली वाकल्याची भाषा करणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

आणि ‘लहान सरकार’ पाहायचेच असेल, तर दूर जाण्याचे कारण नाही. मंजूर पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर राबवले जाणारे आमचे तरुण सहकारी ते रोज अनुभवत आहेत. उधळपट्टीविरुद्ध अवश्य बोलू या; परंतु त्याआधी ‘आम्ही’ या शब्दात कोण कोण येते, हे ठरवू या.