इशारा वाजतो, पण ऐकायला कोणी आहे का?

आपल्या मंडळाच्या परिवारात बँक कर्मचारी आहेत, पतपेढ्यांचे संचालक आहेत, गिरण्या-कारखान्यांत हिशेब सांभाळणारे आहेत आणि संगणक क्षेत्रातील तरुण मुले-मुलीही आहेत. संस्थेची सुरक्षा म्हटले की आपल्याकडे अजूनही कॅमेरे आणि वॉचमन आठवतात. धोका मात्र आता संगणकाच्या तारेतून येतो. त्यासाठी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे प्रकरण पुन्हा समजून घ्यायला हवे, असे आम्हांला वाटते.

शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजी या बँकेच्या बनावट कार्डांवर २८ देशांतील एटीएममधून काही तासांत कोट्यवधी रुपये काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण फटका ९४ कोटींहून अधिक होता. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

हे कसे घडले? एटीएममध्ये कार्ड घातले की 'स्विच' नावाची यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणकाला विचारते, खात्यात पैसे आहेत का? हल्लेखोरांनी मध्येच खोटा स्विच बसवला. तो बँकेला न विचारताच 'आहेत, द्या' असे उत्तर देत राहिला. ग्राहकांच्या खात्यांतून काहीच वजा झाले नाही, त्यामुळे मुख्य संगणकावर सारे शांत दिसत होते.

पण दोन नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या. एटीएममधून पैसे गेले होते आणि बँकेच्या वहीत खर्च नव्हता. सुरतेच्या हिरे कारखान्यात पुडी देताना वजन होते, परत घेताना पुन्हा होते. त्यात कारागिरावर संशय नसतो, दोन वजने जुळतात की नाही एवढेच पाहिले जाते. संगणकावरची पाळतही हेच काम करते. फरक इतकाच, की हा ताळा महिनाअखेरीस नव्हे, तासातासाला घ्यावा लागतो, आणि सुट्टीच्या दिवशीही. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर गेले, तेही साप्ताहिक सुट्टी साधूनच.

नियम आता कडक आहेत. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट आणली. 'सर्ट-इन'च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. पण कागदावरची चौकी राखण करत नाही. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज गणदेवीपर्यंत आल्याची खबर सुरतेला आदल्या दिवशीच मिळाली होती. सुभेदार इनायतखान मात्र शिपायांचा पगार उचलत होता आणि शिपाई जागेवर नव्हते.

छोट्या संस्थांना चोवीस तासांचे स्वतंत्र केंद्र परवडत नाही, हे खरे आहे. तरी काही संस्थांनी मिळून ही सेवा घेता येईल. नवे यंत्र घेण्याआधी संचालकांनी तीन प्रश्न विचारावेत: रविवारी रात्री इशारा आला तर तो कोणाच्या फोनवर जातो? वरिष्ठांची वाट न पाहता व्यवहार थांबवण्याचा अधिकार त्याला आहे का? आणि याची रंगीत तालीम शेवटची कधी झाली?

सभासदांनीही आपापल्या पतपेढीच्या वार्षिक सभेत हे प्रश्न मांडावेत. तिथली ठेव कुणाच्या निवृत्तीची असते, कुणाच्या मुलीच्या शिक्षणाची. आणि स्वतःच्या खात्यातून पैसे गेल्याचे दिसताच, सकाळची वाट न पाहता १९३० वर फोन करावा.