काळी माती आणि जर्मनचे पातेले

आदिलाबादकडील आपल्या मराठी घरांत आंबटाची आवड मोठी. अंबाडीची भाजी, चिंचेचे सार, ताकाची कढी यांवाचून जेवणास गोडी नाही. शेजारच्या तेलुगू घरी हीच अंबाडी गोंगुरा म्हणून शिजते. हे पदार्थ पुष्कळदा जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात शिजतात व रात्रभर त्यातच राहतात. यात अपाय आहे काय, असा प्रश्न अनेक भगिनींच्या मनात येतो. त्याचे उत्तर शोधण्यास प्रथम शेतात जावे लागेल.

पेनगंगेच्या दक्षिणेकडील आपली काळी कापसाची जमीन बेसाल्ट खडक झिजून झाली. तिच्यातील चिकणमाती म्हणजे ॲल्युमिनियम, सिलिकॉन व प्राणवायू यांची घट्ट बांधणी होय. भूकवचाच्या वजनात सिलिकॉन सुमारे २८ टक्के, तर ॲल्युमिनियम सुमारे ८ टक्के. धातूंत सर्वांत विपुल तोच. तरीही लोहाप्रमाणे त्याची सजीवांना गरज असल्याचे आढळलेले नाही.

सिलिकॉनची गोष्ट निराळी. पाण्यात विरघळलेले सिलिकॉन ज्वारी, भात, बांबू ही गवतकुळातील मंडळी मुळांवाटे शोषून घेतात. ज्वारीचे पान हाताला कापते, ते बरेचसे त्यामुळेच. बांबूच्या पेरात सापडणारे वंशलोचनही मुख्यतः त्याचेच रूप आहे.

काळी माती बहुधा सौम्य अल्कधर्मी असल्याने तिच्यातील ॲल्युमिनियम जणू कुलुपात राहते. जमिनीचा सामू ५.५ च्या खाली उतरला की ते सुटे होते आणि मुळांची टोके खुंटतात. ज्वारीचे काही वाण अशा वेळी मुळांतून लिंबातलेच आम्ल सोडून त्यास जखडून ठेवतात. या गुणामागील जनुक २००७ मध्ये उलगडले.

सिलिकॉनही असाच रखवालदार आहे. आम्लयुक्त पाण्यातील ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना घातक ठरते. बर्चल, एक्स्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले, की त्याच पाण्यात पुरेसे विद्राव्य सिलिकॉन असेल तर सॅमन माशांची पिले वाचतात. दोघे एकत्र बांधले जातात आणि ॲल्युमिनियमला कल्ल्यांशी झोंबता येत नाही.

आता स्वयंपाकघरात परत येऊ. निसर्गाने मातीत घातलेले कुलूप आपण भट्टीत फोडले आणि धातू वेगळा काढून त्याचे पातेले केले. चिंच व अंबाडी यांचे आम्ल त्या पातेल्यातून थोडे ॲल्युमिनियम अन्नात उतरवते. मात्र घाबरून जाण्याचे कारण नाही. पोटात गेलेल्यापैकी फारच अल्प अंश रक्तात शिरतो व निरोगी मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये आठवड्याची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम ठरविली. विस्मरणाच्या आजाराशी जोडलेला संबंधही सिद्ध झालेला नाही.

परंतु ज्याची मूत्रपिंडे दुबळी आहेत, त्याचा हा पहारेकरीच निजलेला असतो. १९७० च्या दशकात रक्तशुद्धीच्या यंत्रातील पाण्यातून ॲल्युमिनियम शरीरात गेल्याने अनेक रुग्णांच्या मेंदूस व हाडांस इजा झाली. म्हणून घरात असा रुग्ण असेल तर त्याचे आंबट अन्न जर्मनच्या भांड्यात मुळीच शिजवू नये. इतरांनीही भात खुशाल शिजवावा. अंबाडी मात्र स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात ठेवावी. मातीच्या भाजलेल्या मडक्यात हे दोघे अजूनही एकमेकांचा हात धरूनच आहेत.