बालमजुरी : बंदी आहे, पण वडिलांच्या मजुरीचे काय?

बालमजुरीवर कायद्याने बंदी आहे. तरीही ती संपलेली नाही. कारवाई करून मुलाला कामावरून सोडवता येते, परंतु घरची मिळकत तीच राहिली तर ते पुन्हा कामाला लागते. या प्रश्नाचे मूळ प्रौढांच्या मजुरीत आहे, हे छत्तीसगडमधील भिलाई या पोलादनगरीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कायम कामगारांसाठी वसाहत, रुग्णालय आणि शाळा उभ्या राहिल्या. नियमित वेतन आणि घराजवळची शाळा असल्यामुळे मुलांच्या कमाईवर विसंबण्याचे कारण या कुटुंबांना उरले नाही. खाणींतील व आसपासच्या खासगी उद्योगांतील कंत्राटी मजुरांना मात्र ही शाश्वती नव्हती. ज्या घरात उद्याच्या कामाचा भरवसा नाही, तेथे मुलाची कमाई हाच आधार ठरतो.

या कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथील कंत्राटी मजुरांना शंकर गुहा नियोगी यांनी १९७७ मध्ये संघटित केले. ही चळवळ मजुरीवाढीवर थांबली नाही. वाढलेली मजुरी दारूत जाऊ नये म्हणून दारूमुक्तीची मोहीम झाली. मजुरांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. १९८३ मध्ये शहीद रुग्णालय सुरू झाले. पुढे भिलाईतील कंत्राटी कामगारांनी किमान जगण्यापुरते वेतन आणि कायम नोकरी या मागण्यांसाठी लढा दिला. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगी यांची भिलाईत हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी रेल्वेमार्गावर बसलेल्या आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात १६ जण मृत्युमुखी पडले.

मजुरी आणि बालपण यांचा हा संबंध सर्वोच्च न्यायालयानेही ओळखला होता. १० डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने मालकाकडून प्रत्येक बालकामगारामागे २०,००० रुपये वसूल करावेत, कुटुंबातील एका प्रौढाला काम द्यावे आणि ते शक्य नसल्यास शासनाने ५,००० रुपये निधीत भरावेत, असे आदेश दिले.

कायद्याची व्याप्तीही वाढत गेली. १९८६ च्या कायद्याने ठरावीक धोकादायक कामांवरच बंदी होती. ऑक्टोबर २००६ पासून घरकाम व ढाबे-हॉटेलांतील कामे तिच्या कक्षेत आली. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत मज्जाव झाला. मात्र शाळेच्या वेळेनंतर व सुट्ट्यांत कौटुंबिक उद्योगात मदत करण्याची सवलत ठेवण्यात आली. ज्या कामांत नगावर मजुरी मिळते, तेथे घरातली मदत कोठे संपते आणि मजुरी कोठे सुरू होते, हे निरीक्षकाला सिद्ध करणे कठीण आहे.

२००१ च्या जनगणनेत ५ ते १४ वयोगटातील १.२६ कोटी मुले काम करताना आढळली; २०११ मध्ये ही संख्या १.०१ कोटी होती. घट झाली, परंतु दहा वर्षांच्या मानाने ती अपुरी आहे.

२०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू असल्याने शाळेत प्रवेश मिळणे सुलभ झाले आहे. मूल शाळेत टिकणे मात्र पालकांच्या मिळकतीवर अवलंबून राहते. म्हणूनच किमान वेतनाची आणि कंत्राटी कामगार कायद्यांची काटेकोर अंमलबजावणी हा बालमजुरीविरोधी धोरणाचाच भाग मानावा लागेल. केवळ धाडी आणि दंड यांवर भर राहिल्यास मुले एका कामातून सुटून दुसऱ्या, अधिक आडबाजूच्या कामात लोटली जाण्याचा धोका आहे.